पंच, प्रशिक्षक आणि आपला बाब्या

मराठी भाषेने पंचांवर जेवढा विश्वास टाकला आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणावर टाकला असेल. 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. गावच्या पारावर पाच शहाणी माणसे बसली, त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि निवाडा दिला, की तो देवाचा शब्द! पुढे हे पंच पारावरून उतरून मैदानात आले. कबड्डीत आणि खो-खोत तर पंचांबरोबर सरपंचही आले. म्हणजे सारी ग्रामपंचायतच गळ्यात शिट्टी अडकवून उभी राहिली म्हणायची. पण आपली भाषा मोठी चतुर आहे. जिने पंचांच्या तोंडी परमेश्वर बसविला, तिनेच 'पंचाईत' हा शब्दही चलनात आणला. पंच जमतात ती पंचायत, आणि माणूस अडचणीत सापडतो ती पंचाईत. हल्ली शाळकरी मुलांचा कोणताही सामना पाहा; पंचांच्या वाट्याला परमेश्वरपण कमी आणि पंचाईत अधिक, असेच दृश्य दिसते.

या सदरात एरवी पुस्तकांविषयी नि शब्दांविषयी बोलणाऱ्या मराठीच्या मास्तराने आज ही मैदानाची उठाठेव का मांडली, असे तुम्ही विचाराल. कारण अगदी साधे आहे. कॉलेजात जिमखान्याचे काम कोणाकडे द्यायचे हे ज्या सभेत ठरते, त्या सभेला जो गैरहजर असतो त्याच्याकडे ते जाते. बारा वर्षांपूर्वी अशा एका सभेच्या दिवशी मी तापाने अंथरुणावर होतो. तेव्हापासून अकरावी-बारावीच्या मुलांचे १९ वर्षांखालील संघ घेऊन मी तालुक्याच्या नि जिल्ह्याच्या स्पर्धांना जातो. आणि आमच्या मैदानावर शाळांचे १४ व १७ वर्षांखालील सामने होतात तेव्हा मांडव, पाणी नि खुर्च्या यांचा हिशेब ठेवतो. खेळाडू म्हणून माझी मजल गल्लीतल्या लगोरीपलीकडे कधीच गेली नाही. पण त्याचा एक फायदा झाला. सामन्याकडे पाहणारे पुष्कळ असतात. मी सामन्याच्या अवतीभोवतीच्या माणसांकडे पाहत बसलो.

ही माणसे तीन प्रकारची. पहिले प्रशिक्षक. मुले त्यांना 'सर' म्हणतात आणि घरी आईबापांचे जेवढे ऐकत नाहीत तेवढे या सरांचे ऐकतात. दुसरे पंच. यांना मुले 'अंपायर' म्हणतात, आणि आपल्या बाजूने निर्णय दिला नाही तर आणखीही काही म्हणतात. तिसरे म्हणजे आपण, आईबाप. आपण रेषेच्या बाहेर असतो खरे, पण ते केवळ शरीराने. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे' ही म्हण ज्या कोणा आजीबाईने प्रथम उच्चारली तिने शालेय स्पर्धा पाहिल्या असणे शक्य नाही. पण तिला त्या आधीच दिसल्या असल्या पाहिजेत.

आता तीन वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. १७ वर्षांखालील मुलांच्या कबड्डीचा सामना होता. दोन्ही शाळांची नावे सांगण्याचे कारण नाही. कोणत्याही दोन शाळा असत्या तरी फारसा फरक पडला नसता. शेवटची मिनिटे चालू होती आणि एका गुणाचा फरक होता. पिछाडीवर असलेल्या संघाचा एक चुणचुणीत मुलगा चढाईला आला. कोपऱ्यातल्या बचावपटूच्या खांद्याला त्याचे बोट नखभर लागले आणि तो झर्रकन मध्यरेषेपलीकडे परतला. पंच त्या वेळी नेमका अशा जागी होता की मधल्या दोन मुलांच्या पाठींमुळे त्याला ते बोट दिसले नाही. त्याने गुण दिला नाही. पण ज्याच्या खांद्याला बोट लागले होते त्या पोराने हात वर केला आणि खाली मान घालून तो स्वतःच बाहेर चालू लागला.

कबड्डी ज्यांनी मातीत खेळली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. लागले की हात वर करून निघायचे, ही या खेळाची जुनी चाल. पण पोरगा दोन पावले जातो न जातो तोच बाहेरून त्याच्या सरांचा आवाज आला, "अरे ए! कुठं चाललास? पंचांनी दिलंय का तुला बाद? ये आत!"

पोराने पंचाकडे पाहिले, सरांकडे पाहिले, आणि तो आत आला. दुसऱ्या संघाच्या सरांनी हे सारे पाहिले होते. ते धावत मैदानात शिरले. त्यांच्यामागून चार पालक, त्यांच्या उत्तरादाखल पलीकडचे सहा पालक, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल! "हे बघा, व्हिडिओत स्पष्ट दिसतंय," असे दोन्ही बाजूंचे लोक दोन वेगवेगळे व्हिडिओ दाखवून सांगत होते. वीस मिनिटांनी सामना पुन्हा सुरू झाला. निर्णय होता तोच राहिला, आणि तो संघ एका गुणाने जिंकला.

तो पंच म्हणजे माझाच विद्यार्थी होता, बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला, मराठी विषय घेतलेला. पंच परीक्षा पास होऊन त्याला जेमतेम वर्ष झाले होते. संध्याकाळी खुर्च्या मोजताना तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"सर, मला खरंच दिसलं नव्हतं," तो म्हणाला. "त्या पोरानं हात वर केला तेव्हा कळलं. मी गुण देणारच होतो. पण तेवढ्यात चारी बाजूंनी माणसं आत आली. मग दिला असता तरी कुणाच्या तरी धाकानं दिल्यासारखाच झाला असता ना?"

त्याच्या या एका वाक्यावर मी तीन वर्षे विचार करतो आहे. आपण पंचावर ओरडतो ते त्याने निर्णय बदलावा म्हणून. पण ओरडण्याने नेमके तेच अशक्य होऊन बसते. जो स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करू शकला असता, त्याला आता ती दुरुस्त केली तर भित्रा ठरण्याची पाळी येते. मग बिचारा चुकीलाच चिकटून राहतो, कारण त्याच्याजवळ अब्रू म्हणून तेवढेच उरलेले असते.

खेळांचे नियम लिहिणाऱ्यांना ही मानवी अडचण चांगली ठाऊक होती असे दिसते. क्रिकेटच्या नियमांत पंचाला आपला निर्णय बदलण्याची मुभा आहे. अट एवढीच की तो ताबडतोब बदलला पाहिजे. फुटबॉलमध्येही खेळ पुन्हा सुरू होण्यापूर्वी पंचाला निर्णय फिरविता येतो. पंच हा चुकणारा माणूस आहे हे धरूनच हे नियम केलेले आहेत. त्यांनी त्याच्यासाठी एक लहानशी खिडकी उघडी ठेवली आहे, काही क्षणांपुरती. आपण आरडाओरडा करून धावतो ते नेमके ती खिडकी बंद करायला.

ही खिडकी उघडी राहिली तर काय होते याचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच मुंबईत घडले आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडे मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यात सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना झाला. इंग्लंडचा निम्मा संघ ५८ धावांत परतला होता. बॉब टेलर हा त्यांचा यष्टिरक्षक खेळायला आला, आणि यष्टीमागे झेल गेला म्हणून पंच हनुमंत राव यांनी त्याला बाद दिले. पहिल्या स्लिपमध्ये उभा असलेला आपला कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ याला खात्री होती की बॅटला चेंडू लागलेलाच नाही. तो पंचांकडे गेला, त्यांच्याशी बोलला, आणि पंचांनी निर्णय मागे घेऊन टेलरला परत बोलावले. पुढे टेलर नि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि भारत तो सामना दहा गडी राखून हरला.

विश्वनाथच्या दिलदारपणाची ही गोष्ट आपण मुलांना नेहमी सांगतो. सांगावीच. पण त्या गोष्टीतल्या पंचांकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. भर मैदानात, हजारो लोकांसमोर, दिलेला निर्णय मागे घेणे ही काही सोपी गोष्ट नव्हे. हनुमंत रावांना ते करता आले, कारण त्यांच्यापुढे आलेला माणूस विनंती करीत होता. अपील मागे घ्यायचे तर कर्णधाराने पंचाची संमती घेतली पाहिजे, असा क्रिकेटचा नियमच आहे. म्हणजे शेवटचा शब्द पंचाचाच राहिला, त्याचा मानही राहिला आणि न्यायही झाला. सामना गेला एवढेच. पण त्याच कसोटीत बोथमने शतक ठोकले नि तेरा बळीही घेतले, हे आज किती जणांना आठवते? विश्वनाथने टेलरला परत बोलावले, हे मात्र घरोघरी आठवते.

आता कोणी म्हणेल, "अहो, ते विश्वनाथ! आमचे सर हे पोटासाठी राबणारे गृहस्थ आहेत." हे म्हणणे मी अजिबात उडवून लावणार नाही. प्रशिक्षकांची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. पुष्कळ शाळांत ते कंत्राटावर असतात. वर्षअखेर संस्थेचे चालक कपाट उघडून ढाली मोजतात. मुलगा किती सरळपणे वागला याची ढाल अजून कोणी काढलेली नाही. शिवाय शालेय स्पर्धेतल्या यशावर दहावी-बारावीच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात, आणि खेळाडूंसाठी महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के जागा राखीव आहेत. या सवलती योग्यच आहेत. उन्हातान्हात घाम गाळणाऱ्या पोरांना त्या मिळायलाच हव्यात. पण त्यामुळे पंचाच्या एका शिट्टीला कॉलेजच्या प्रवेशाचे नि नोकरीचे वजन आले, हेही खरे. पूर्वी पोर हरून घरी आले तर आई म्हणायची, "हातपाय धू आणि जेवायला बस." आता बाप टक्क्यांचा हिशेब मांडून बसलेला असतो. हा सारा भार शेवटी सरांच्या डोक्यावर येतो, आणि सर तो पंचाच्या डोक्यावर नेऊन आदळतात.

पंचही सगळेच काही धुतल्या तांदळासारखे नसतात. वेळेवर न येणारे, सामना चालू असताना मोबाइलवर बोलणारे, विचारायला गेलेल्या कर्णधाराला "तुला नियम कळतात की मला?" म्हणून झिडकारणारे पंच मी पाहिले आहेत. आयोजक शाळेच्या चहाफराळाला जागून आयोजकांच्याच बाजूने झुकणारेही एखाददुसरे असतात. पण बहुसंख्य पंच माझ्या त्या विद्यार्थ्यासारखे असतात. विशी-बाविशीतली, खेळाची आवड असलेली, दिवसभराचे चार-पाच सामने उन्हात उभ्याने काढणारी पोरे. मानधन असे की दोन वडापाव आणि परतीची रिक्षा यांत ते संपून जावे. ज्या खेळात स्वतःला फार पुढे जाता आले नाही, त्या खेळाजवळ राहावे म्हणून ती ही शिट्टी गळ्यात घालतात. आणि पहिल्याच वर्षी त्यांना बापाच्या वयाच्या माणसांच्या शिव्या खाव्या लागतात.

हे सारे शिव्यांवरच थांबते असे कोणी समजू नये. डिसेंबर २०१२ मध्ये नेदरलँड्समधील अल्मेरे या गावी कुमारांचा एक फुटबॉल सामना झाला. रिचर्ड न्यूवेनहाउझेन नावाचे ४१ वर्षांचे गृहस्थ त्यात रेषापंच होते. व्यवसाय म्हणून नव्हे. त्यांचा मुलगा त्या क्लबकडून खेळत असे, म्हणून हौसेने. निर्णयांवरून राग धरून सामन्यानंतर विरुद्ध संघातल्या पोरांनी त्यांना लाथांनी तुडविले, आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. पुढच्या शनिवार-रविवारी त्या देशातले सारे हौशी फुटबॉल सामने रद्द करण्यात आले. २०१३ मध्ये न्यायालयाने सहा अल्पवयीन मुलांना आणि एका प्रौढ माणसाला दोषी ठरविले. तो प्रौढ माणूस त्या खेळाडूंपैकी एकाचा बाप होता.

ही बातमी मी वर्गात वाचून दाखविली तेव्हा मुले पंधरा-सोळा वर्षांच्या त्या आरोपींविषयी बोलत होती. माझे मन मात्र त्या बापापाशीच अडकून राहिले. आडात असते तेच पोहऱ्यात येते. रेषेबाहेर उभा असलेला मोठा माणूस पंचाला काय म्हणतो, हे रेषेच्या आतला मुलगा कान देऊन ऐकत असतो. शिस्त, संघभावना, जिद्द हे धडे आपण त्याला भाषणांतून देतो. अधिकाराच्या जागी बसलेल्या माणसाशी कसे वागायचे हा धडा तो असा फुकट शिकून जातो.

नियमकर्त्यांनी यावर औषधे शोधलेली नाहीत असे नाही. फुटबॉलमध्ये २०१९ पासून पिवळे नि लाल कार्ड प्रशिक्षकांनाही दाखविता येते. त्यातली एक मेख मला फार आवडते. संघाच्या बाकावरून कोणी अपशब्द काढला आणि तो कोणी काढला हे कळले नाही, तर तिथे हजर असलेल्या मुख्य प्रशिक्षकाला कार्ड मिळते. घरात बरणी फुटली की थोरल्याला बोलणी बसतात, तसाच हा न्याय! क्रिकेटच्या नियमांतही २०१७ पासून खेळाडूंच्या वर्तनावर स्वतंत्र कलम आहे. पंचाच्या निर्णयावर शब्दाने किंवा कृतीने नापसंती दाखविली तर पहिल्यांदा ताकीद, पुन्हा तसे घडल्यास पाच धावांचा दंड, आणि फारच पुढे गेले तर खेळाडूला मैदानाबाहेर काढण्याचा अधिकार. कबड्डीत हिरवे, पिवळे नि लाल कार्ड आहेच. इंग्लंडमध्ये पंचाशी हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला दहा मिनिटे बाहेर बसविण्याचा प्रयोग ३१ लीगांत करून पाहिला. तेव्हा हुज्जतीचे प्रकार ३८ टक्क्यांनी घटले आणि २०१९-२० च्या हंगामापासून तळागाळाच्या फुटबॉलमध्ये तो नियम सर्वत्र लागू झाला. त्याच देशात २०२३ साली मुलांच्या सामन्यांसाठी एक शनिवार-रविवार असा पाळला गेला की त्या दिवशी पालकांनी टाळ्या वाजवाव्यात, पण तोंडाने एक शब्द काढू नये. आपल्याकडे असा मौनाचा रविवार पाळायचा झाला तर किती पालकांचा रक्तदाब वाढेल याचा मला अंदाज करवत नाही.

पण शिक्षा ही भांडण झाल्यावरची गोष्ट. भांडण होऊच नये म्हणून काय करावे? इथे मला हांगचौच्या आशियाई स्पर्धेतला ७ ऑक्टोबर २०२३ चा कबड्डीचा अंतिम सामना आठवतो. भारत आणि इराण यांची २८-२८ अशी बरोबरी, शेवटचा दीड-एक मिनिट उरलेला, आणि पवन सेहरावत चढाईवर. तो कोणाला न शिवता राखीव पट्ट्यात गेला, आणि त्याच्यामागोमाग इराणचे बचावपटूही त्या पट्ट्यात शिरले. आता गुण कोणाला नि किती? जुन्या नियमाप्रमाणे एक उत्तर निघत होते, नव्याप्रमाणे दुसरे. निर्णय एकदा असा झाला, एकदा तसा झाला. कधी हे खेळाडू मॅटवर बसून राहिले, कधी ते. जवळजवळ तासभर खेळ थांबला होता. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला आणि आपण पेढे वाटले. पण एवढ्या मोठ्या स्पर्धेत नेमका कोणता नियम लागू आहे, याविषयी सर्वांची एकवाक्यता अंतिम सामन्याच्या अखेरच्या मिनिटापर्यंत झालेली नव्हती, हे पाहून मला आमच्या तालुक्याच्या स्पर्धांविषयी एकदम आपुलकी वाटली. नियमाविषयी बोलायचे ते सामन्याआधी. त्या वेळी सर्वांची डोकी थंड असतात.

म्हणून गेल्या दोन वर्षांपासून आमच्या मैदानावर आम्ही एक साधी पद्धत पाडली आहे. नाणेफेकीच्या दहा मिनिटे आधी दोन्ही संघांचे सर आणि पंच एका टेबलाभोवती बसतात. चहा येतो. चहाशिवाय मराठी माणसांची कोणतीही सभा सुरळीत होत नाही, हा माझा अनुभव आहे. एकमेकांची नावे विचारली जातात. ज्या माणसाचे नाव आपण घेतले आहे, ज्याने आपल्याला साखर किती असे विचारले आहे, त्याच्यावर अर्ध्या तासाने ओरडताना जीभ थोडी अडखळतेच. मग नियमांतल्या वादाच्या दोन-तीन जागा पंच स्वतः सांगतात, सर शंका विचारतात. ठरते असे, की सामन्यात पंचाशी बोलायचे ते फक्त कर्णधाराने. सरांची तक्रार असेल तर ती सामन्यानंतर, लेखी. आणि खेळाडूने स्वतःहून हात वर केला तर पंच त्याचा शब्द मानतील नि त्याचे सर त्याला परत आत बोलावणार नाहीत, हे दोन्ही सर पंचांसमोर कबूल करतात.

याने मैदानाचे नंदनवन झाले असे मी सांगणार नाही. गेल्या वर्षीही एकदा आवाज चढलेच. लेखी तक्रारीची मात्र एक गंमत आहे. सामना संपल्यावर कागद नि पेन पुढे केले की दहांतल्या आठ तक्रारी पहिल्या ओळीतच विरघळून जातात. मराठीचा शिक्षक म्हणून मला ठाऊक आहे, रागाला व्याकरण सोसत नाही. उरलेल्या दोन तक्रारींत बहुधा तथ्य असते, आणि त्या पंचांनाही उपयोगी पडतात.

दुसरा प्रयोग केला तो जरा धाडसाचा. स्पर्धेला येणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाने, आपल्या शाळेचा नसलेला एक सराव सामना तरी पंच म्हणून पाहायचा. अनेकांनी नाके मुरडली. ज्यांच्या आवाजाने आमच्या कॉलेजच्या खिडक्यांची तावदाने थरथरत, असे एक अनुभवी सर तर म्हणाले, "अहो प्राध्यापक, मी वीस वर्षं कबड्डी शिकवतोय!" शेवटी आले. सामना संपवून बाहेर पडले तेव्हा सदरा घामाने चिंब झाला होता. पाण्याचा पेला रिकामा करून म्हणाले, "तिथं उभं राहिल्यावर काही म्हणजे काही दिसत नाही हो. सगळ्या पाठीच पाठी!"

मला माझा विद्यार्थी आठवला. तो त्यानंतर पंच म्हणून कधी उभा राहिला नाही. एका खासगी कंपनीत नोकरीला लागला आहे. सभ्य, कामसू मुलगा. त्याचे चांगलेच चालले आहे. आमच्या स्पर्धेला मी दर वर्षी त्याला बोलावतो. तो येतो, मांडवाच्या मागच्या बाजूला बसून सामने बघतो, शिट्टीचा विषय निघाला की नुसता हसतो. मुलांच्या खेळाने त्याच्यात एक चांगला पंच गमावला. आणि त्या कोपऱ्यातल्या पोराचे काय झाले, हे मला ठाऊक नाही. आज तो वीस वर्षांचा असेल. त्याला तो विजय आठवत असेल, की बाहेर टाकलेली ती दोन पावले, हे त्याला भेटून विचारावेसे फार वाटते.

प्रशिक्षक या शब्दातले 'प्र' काढले की शिक्षक उरतो. पंच हाही त्या घटकेपुरता त्याच वर्गावरचा दुसरा शिक्षक. एका वर्गावरच्या दोन शिक्षकांनी मुलांसमोर एकमेकांचा पाणउतारा केला, तर त्या वर्गाचे काय होईल हे सांगायला शिक्षणतज्ज्ञाची गरज नाही. आम्ही कॉलेजातले लोकसुद्धा एकमेकांशी भांडतो. पण स्टाफरूमचे दार लावून घेतो!

राहता राहिलो आपण, आईबाप. दिवाळीची सुट्टी संपली की मुंबईत आझाद मैदानावर शालेय क्रिकेटच्या शील्डचे सामने रंगतील. गावोगावच्या क्रीडा संकुलांत कबड्डी नि खो-खोची गर्दी होईल. सोसायटीच्या अंगणात तर सहा वर्षांची चिल्लीपिल्लीही बाद झाल्यावर दोन्ही हातांनी 'टी' ची खूण करून तिसऱ्या पंचाकडे दाद मागताना मी पाहिली आहेत. तिसरा पंच म्हणजे बहुधा पहिल्या मजल्यावरचे आजोबा. तुम्ही तुमच्या बाब्याचा सामना पाहायला जालच. जावेच. गळा सुकेपर्यंत ओरडा. पण चांगल्या खेळासाठी ओरडा, आणि एखादी टाळी पलीकडच्या कार्ट्यासाठीही राखून ठेवा. मोबाइल खिशात ठेवता आला तर उत्तमच. आणि बाब्याने कधी सरळपणे हात वर केला नि त्यापायी सामना गेला, तर घरी परतताना रिक्षात त्याला बोलू नका. त्या वेळी तो फार एकटा असतो.

आणखी एक. पिशवीत फराळाचा डबा असेल. चिवडा असेल, दोन-चार बेसनाचे लाडू असतील. सामना संपला की तो डबा पंचापुढेही धरा. मात्र सामना संपल्यावरच हं! आधी धरलात, तर पलीकडचे पालक त्याचाही व्हिडिओ काढतील.